आत्याचं दातेरी चाक आणि दोन तात्पुरते कार्ड नंबर

आत्याचं भरतकामाचं मशीन एका नायलॉनच्या चाकापायी बंद पडलं. अंगठ्याएवढं दातेरी चाक, त्याचे दोन दात झिजले आणि सुई धागा पकडेनाशी झाली. ते मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलेलं, दुरुस्ती करणाऱ्यांनी हात टेकलेले. खूप शोधल्यावर जुन्या मशीनचे सुटे भाग विकणारं परदेशातलं एक छोटं दुकान ऑनलाइन सापडलं. त्यांच्याकडे चाक होतं आणि त्यासोबत बदलावा लागणारा पट्टाही होता. पैसे भरायची सोय मात्र एकच, त्यांच्या पानावर कार्डाचा नंबर टाकायचा.

आत्या म्हणाली, "राहू दे मशीन बंद. नंबर नाही देणार मी."

पुढच्या सात महिन्यांत आम्ही काय केलं ते इथे क्रमानं लिहिते आहे, आमच्या चुकांसकट. व्हर्च्युअल कार्ड घ्या, म्हणजे खऱ्या कार्डाऐवजी दुकानाला द्यायला बँकेकडून तात्पुरता नंबर घ्या, असा सल्ला सगळीकडे मिळतो. ते घेतल्यावर त्याची मर्यादा किती ठेवायची, मुदत किती द्यायची, बंद कधी करायचं, हे कुणी नीट सांगत नाही, आणि आमचं नेमकं तिथेच अडलं.

आत्या का घाबरली होती

तिची भीती अनुभवातून आलेली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या कार्डावर अगदी किरकोळ रकमेचा एक अनोळखी व्यवहार झाला. तिला वाटलं, आपलंच काहीतरी असेल. दोन दिवसांनी तीन मोठे व्यवहार झाले. चोरलेला नंबर चालू आहे की नाही हे आधी छोट्या रकमेनं पडताळून बघतात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. बँकेनं पैसे परत दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण कार्ड ब्लॉक झालं, नवीन नंबर आला, आणि जुन्या नंबरावर दरमहा जाणारी सगळी बिलं एकेक करून अडकू लागली. फोन बंद पडला. मासिकाची वर्गणी थांबली. विम्याचा हप्ता चुकता चुकता राहिला. पैसे महिन्याभरात परत आले, पण घडी नीट बसायला चार महिने गेले.

हे नुकसान कुठल्याच स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. माझ्या मते तात्पुरत्या नंबराचा खरा फायदा इथे आहे. चोरीला गेलेली रक्कम बँक बऱ्याचदा भरून देते, पण बदललेल्या नंबरामागे करावी लागणारी धावपळ ज्याची त्यालाच निस्तरावी लागते.

नंबरात असतं काय

आत्याला पटवायचं तर आधी मला स्वतःला समजून घ्यावं लागलं. बहुतेक कार्डांवर १६ आकडे असतात. त्यातले पहिले सहा ते आठ आकडे कार्ड कुणी दिलं ते सांगतात, मधले खात्याशी जोडलेले असतात, आणि शेवटचा आकडा ताळ्याचा. नंबर टाकताना एखादा आकडा चुकला तर तो ताळा जुळत नाही आणि पान लगेच 'नंबर चुकीचा आहे' म्हणतं. हा हिशेब आयबीएमच्या हान्स पीटर लून यांचा. त्यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते मिळालं. तो टंकलेखनातल्या चुका पकडण्यासाठी होता, चोर पकडण्यासाठी नव्हे.

मूळ अडचण अशी, की आपण प्रत्येक दुकानाला तोच नंबर, तीच मुदत, तोच सीव्हीव्ही (कार्डामागचा तीन आकडी गुप्त क्रमांक) देतो. एका दुकानातून तो फुटला की सगळीकडे फुटला. तात्पुरता नंबर ही साखळी तोडतो. बँक आपल्या खात्यासाठी वेगळे १६ आकडे, वेगळी मुदत आणि वेगळा सीव्हीव्ही तयार करून देते. दुकानाला तो नेहमीच्या कार्डासारखाच दिसतो, ताळाही जुळतो. तो नंबर आत्याच्या खात्याचा आहे हे फक्त बँकेच्या नोंदीत असतं.

कल्पना नवी नाही. अमेरिकन एक्सप्रेसनं २००० मध्ये एकदाच वापरायच्या नंबरांची सेवा सुरू केली होती. डब्लिनच्या ऑर्बिसकॉम नावाच्या कंपनीनं हे तंत्र अनेक बँकांना पुरवलं, पुढे ती कंपनी मास्टरकार्डनं विकत घेतली. सुरुवातीच्या यातल्या बऱ्याच सेवा नंतर गुंडाळल्या गेल्या. बँक ऑफ अमेरिकाची अशी सेवा २०१९ मध्ये बंद झाली. प्रत्येक खरेदीआधी नवा नंबर काढायचा कंटाळा येतो, हे मी आता स्वानुभवानं सांगू शकते. ॲपमधून अर्ध्या मिनिटात नंबर मिळू लागल्यावर तो कंटाळा बराच कमी झाला आहे.

"पण दुकानदार चांगला असेल तर?" आत्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. आम्ही ते दुकान शक्य तितकं तपासलं होतं. पत्ता होता, फोन लागत होता, मशीनच्या भागांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना माहीतगार माणसाची उत्तरं आली होती. पण दुकान प्रामाणिक असणं पुरेसं नसतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण एका मोठ्या विमान कंपनीचं आहे.

२०१८ च्या २१ ऑगस्टपासून ५ सप्टेंबरपर्यंत ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर घुसवलेली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकी आज्ञांचा तुकडा, ग्राहक पैसे भरताना टाकत असलेली माहिती परस्पर हल्लेखोरांकडे पाठवत होती. त्या सगळ्या घुसखोरीत सुमारे २ लाख ४४ हजार ग्राहकांची नावं, पत्ते, कार्ड नंबर आणि सीव्हीव्ही बाहेर गेले असावेत, असं ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं नोंदवलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला. व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानानं सीव्हीव्ही साठवून ठेवायचा नाही, असा कार्ड उद्योगाचा कडक नियम आहे. पण या स्क्रिप्टला साठवलेल्या माहितीची गरजच नव्हती, ती माहिती टाइप होत असतानाच उचलत होती. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह अशा वेळी उपयोगाचं नसतं. ते वाटेतल्या चोरीपासून वाचवतं, पानात आधीच शिरलेल्या चोरापासून नाही.

एवढं ऐकून आत्या म्हणाली, "मग असा नंबर दे, जो त्याच्या हाती लागला तरी त्याला काही मिळू नये." तिला सगळं समजलं होतं.

पहिला नंबर

आम्ही नंबर आत्याच्या बँकेच्या ॲपमधूनच काढला. 'मोफत व्हर्च्युअल कार्ड' देऊ करणाऱ्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या ॲपना खात्याची लॉगिन माहिती द्यायची म्हणजे एका दुकानाच्या भीतीनं घराची किल्लीच अनोळख्याच्या हातात देणं.

ॲपनं तीन गोष्टी विचारल्या: रकमेची मर्यादा किती, मुदत किती, आणि नंबर एकदाच वापरायचा की एकाच दुकानापुरता वारंवार. मी जास्तीत जास्त कडक पर्याय निवडले. एकदाच वापर, मुदत महिनाअखेर, मर्यादा बिलाच्या आकड्याला तंतोतंत. सुरक्षित राहायचं तर घट्ट बांधायचं, असा माझा समज होता.

व्यवहार नाकारला गेला.

दुकानाचं बिल वेगळ्या चलनात होतं. मी दुपारी गुगलवर पाहिलेल्या दरानं मर्यादा ठरवली होती. बँकेनं तिच्या दरानं हिशेब केला आणि रक्कम मर्यादेच्या किंचित वर गेली. मर्यादा दहा टक्क्यांनी वाढवली, पुन्हा प्रयत्न केला, व्यवहार पार पडला. चूक किरकोळ होती. पण दोनदा 'नाकारलं' दिसल्यावर एखादा वयस्कर माणूस वैतागून खरं कार्ड बाहेर काढेल, हे मला तेव्हाच जाणवलं. फार कडक कुलूप लावलं की माणसं दार उघडंच ठेवतात.

दुसरी अडचण नऊ दिवसांनी आली, आणि ती मला मुळीच अपेक्षित नव्हती. आत्याला मेल आला: चाक पाठवलं आहे, पट्टा शिल्लक नव्हता तो आता आला आहे, पण तुमचं कार्ड नाकारलं गेलं, खालच्या लिंकवर जाऊन नवीन कार्ड द्या.

आम्ही दोघी त्या मेलकडे बघत बसलो. फसवणुकीचा मेल जसा असतो असं सांगतात, हा हुबेहूब तसा होता. घाई, लिंक, नवीन कार्डाची मागणी. आणि तरीही तो खरा असू शकत होता, कारण त्याचं कारण माझ्याच सेटिंगमध्ये होतं. ऑर्डर देताना बरीच दुकानं रक्कम फक्त मंजूर करून घेतात. पैसे प्रत्यक्षात उचलतात ते माल पाठवताना. माल दोन खेपांत गेला, तर काही दुकानं दुसऱ्या खेपेसाठी नव्यानं मंजुरी मागतात. एकदाच वापरायचा नंबर तोवर संपलेला असतो. आमच्या बाबतीत तसंच झालं होतं.

लिंक दाबली नाही. दुकानाचा पत्ता स्वतः टाइप करून आत्याच्या खात्यात गेलो, तिथे ऑर्डरपुढे तोच निरोप दिसला. मग फोन करून खात्री केली. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, की आमच्याकडे अर्ध्या ऑर्डरी अशाच तुकड्यांत जातात.

ही एक ओळ मी आधी विचारून घेतली असती, तर नंबर एकदाच वापरायचा ठेवला नसता. मर्यादा, मुदत आणि किती वेळा वापर, हे तिन्ही पर्याय आपल्या भीतीवरून ठरवायचे नसतात. समोरचं दुकान पैसे कसे, किती वेळा आणि कधी घेतं यावरून ते ठरतात. मला हे चूक करूनच कळलं.

दुसरा नंबर आणि अडकलेला रिफंड

दुसरा नंबर एकाच दुकानाला बांधलेला घेतला. पहिल्या व्यवहारात जे दुकान असेल, त्याच्याशिवाय इतर कुणाला तो चालत नाही. मर्यादा पट्ट्याच्या किमतीपेक्षा थोडी जास्त, मुदत दोन महिने. व्यवहार एका फटक्यात झाला. दुकानाला बांधलेला नंबरही कधीकधी अडतो, हे इथे सांगायला हवं. एकाच बाजारपेठेतले वेगवेगळे विक्रेते किंवा पैसे गोळा करणारी मधली कंपनी बदलली, तर बँकेच्या यंत्रणेला ते वेगळं दुकान वाटतं आणि व्यवहार नाकारला जातो.

चाक आलं. मी आणि आत्यानं एक दुपार मशीन उघडून ते बसवलं. पट्टाही आला, पण अर्धा इंच लहान. तो परत पाठवला, आणि इथे मी तिसरी चूक केली. 'काम झालं' म्हणून दुसरा नंबर बंद करून टाकला.

तीन आठवडे रिफंड आला नाही. दुकान म्हणत होतं, पाठवला. आत्याच्या खात्यात काही दिसत नव्हतं. नंबर बंद असला तरी तो कुठल्या खात्याचा होता ही नोंद बँकेकडे राहते, आणि सहसा परत आलेले पैसे त्या खात्यात वळते होतात. पण ते सहसा. आमची रक्कम मध्येच कुठेतरी पडून होती. बँकेत फोन केला तर पलीकडच्या मुलीनं विचारलं, "कुठल्या कार्डावर आलाय रिफंड? तुमच्या कार्डावर असा काही व्यवहार दिसत नाहीये." आत्याच्या हातातल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे वेगळे, तात्पुरत्या नंबराचे वेगळे. हे सांगितलं नाही तर बँकेचा माणूस भलत्याच ठिकाणी शोधत राहतो.

दोन गोष्टींनी सुटका झाली. एक म्हणजे आत्याची वही. तिनं दोन्ही नंबरांचे शेवटचे चार आकडे, तारीख आणि दुकानाचं नाव लिहून ठेवलं होतं. पूर्ण नंबर लिहायचा नाही, एवढं मी तिला सांगितलं होतं, बाकी सगळं तिचं. दुसरी गोष्ट, आम्ही दुकानाकडून त्या रिफंडचा संदर्भ क्रमांक मागवला. प्रत्येक व्यवहाराला दुकानाच्या बँकेकडून २३ आकडी क्रमांक मिळतो, 'एआरएन' म्हणतात त्याला. तो सांगितल्यावर बँकेला पैसे चार दिवसांत सापडले. रिफंडसाठी ताटकळणाऱ्या कुणालाही मी आता पहिली गोष्ट हीच सांगते, दुकानाला 'पाठवलं का' विचारू नका, एआरएन मागा.

तेव्हापासून आमचा नियम: परत करायची मुदत उलटून जाईपर्यंत नंबर बंद करायचा नाही. मर्यादा कमी करून अगदी किरकोळ ठेवायची. नंबर जिवंत राहतो, त्यातून काढण्यासारखं काही उरत नाही.

पाच महिन्यांनी

मशीन सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. एका रात्री आत्याच्या फोनवर दोन सूचना आल्या. तिच्या पहिल्या तात्पुरत्या नंबरावर दोन व्यवहारांचा प्रयत्न झाला, दोन्ही नाकारले. रक्कम अगदी क्षुल्लक. दुकानाचं नाव कधी न ऐकलेलं.

दोन वर्षांपूर्वी सगळं असंच सुरू झालं होतं. फरक एवढाच, की या वेळी त्या नंबरामागचं दार पाच महिन्यांपूर्वीच बंद झालेलं होतं.

नंबर नक्की चोरीलाच गेला होता का? मी लगेच तसं म्हणायला तयार नव्हते. चोर काही वेळा ताळा जुळणारे नंबर यंत्रानं बनवून अंदाजानं आजमावत बसतात, तेव्हा कुठल्याही दुकानाचा दोष नसतो. म्हणून बँकेला विचारलं, की त्या दोन प्रयत्नांत सीव्हीव्ही आणि मुदत काय दिली होती. उत्तर आलं, दोन्ही वेळा दोन्ही बरोबर. तीन आकडी सीव्हीव्ही अंदाजानं बरोबर यायची शक्यता हजारात एक. दोनदा, तीही मुदतीसकट? तो नंबर आम्ही जगात एकाच ठिकाणी टाइप केला होता.

तरी मी त्या दुकानदाराला चोर म्हणणार नाही. पान, पैसे गोळा करणारी मधली कंपनी, पानावर बसवलेली चॅटची खिडकी, अशा अनेक हातांतून माहिती जाते. आम्ही त्यांना तारखांसकट सगळं कळवलं. आठवड्यानं उत्तर आलं, की पैसे भरायचं पान बदललं आहे आणि आधीच्या ग्राहकांना ते मेल करत आहेत. खऱ्या कार्डाचा नंबर दिला असता तर इतक्या खात्रीनं त्यांना काही सांगताच आलं नसतं, कारण तो नंबर वीस ठिकाणी पडलेला असता. गळती कुठून झाली हे कळणं हा या पद्धतीचा असा फायदा आहे, ज्याची मी आधी कल्पनाच केली नव्हती.

आत्याचा फोन चालू राहिला. मासिक आलं. हप्ता गेला. तिला कुणालाही नवीन नंबर कळवावा लागला नाही.

जे यानं होत नाही

आत्याच्या मैत्रिणींनी तिच्याकडून ऐकून मला विचारायला सुरुवात केली, तेव्हा काही गैरसमज सारखे समोर आले. एकीनं व्यायामाच्या ॲपची वर्गणी थांबवायला नुसता नंबर बंद केला. पैसे जाणं थांबलं, पण करार चालूच होता, आणि थकबाकीची पत्रं यायला लागली. नंबर बंद करणं म्हणजे वर्गणी रद्द करणं नव्हे. आधी रद्द करा, त्याची पोच घ्या, मग नंबर बंद करा.

हॉटेलची खोली किंवा भाड्याची गाडी यांसाठी मी तात्पुरता नंबर वापरत नाही. तिथे काउंटरवर ज्या कार्डानं बुकिंग केलं तेच दाखवा म्हणतात, आणि हातात दाखवायला काही नसतं. शिवाय ते अनामत म्हणून जास्तीची रक्कम अडवून ठेवतात, ती मर्यादेत बसत नाही.

मर्यादाही अभेद्य भिंत नसते. ती मंजुरी मागताना तपासली जाते. एकदा मंजुरी मिळाल्यावर अंतिम रक्कम थोडी वेगळी येऊ शकते, परकीय चलनात तर हमखास. आणि नाव, पत्ता, फोन नंबर दुकानाकडे जातातच. बनावट माल खरा होत नाही, न आलेलं पार्सल येत नाही. दुकानच खोटं असेल तर मर्यादेपुरते पैसे जातात, आणि तक्रार नेहमीसारखी बँकेकडेच करावी लागते.

गेल्या आठवड्यात आत्याला भरतकामाचा रेशमी धागा मागवायचा होता, तोही लांबच्या एका छोट्या दुकानातून. मी पोहोचेपर्यंत तिनं ॲप उघडून ठेवलं होतं, पण नंबर अजून काढला नव्हता.

"मर्यादा किती टाकू?" मी विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "सकाळी त्यांना मेल केलाय. सगळे रंग एकदम पाठवणार की तुकड्यातुकड्यानं, ते विचारलंय. उत्तर येऊ दे, मग ठरवते."